उशिरा चालणाऱ्यांची नोंद

आमच्या घरी माळ्यावरच्या पेटीत १९७४ ते १९७८ या पाच वर्षांची कालनिर्णये आहेत. वडील आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होते. मुंबईचे मामा दर दिवाळीला कालनिर्णय पाठवत आणि आई त्यावर दुधाचा हिशेब लिही. तारखेच्या चौकटीत ‘१’, ‘दीड’, ‘खाडा’. कुठे ‘रॉकेल आणले’, कुठे ‘मोलकरीण नाही’. या हिशेबात अधूनमधून वेगळे शब्द येतात. १९७५ च्या जानेवारीत एका चौकटीत ‘मान धरली’. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘हात टेकून बसला’. १९७६ च्या फेब्रुवारीत ‘पांगुळगाडा आणला’. १९७७ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ‘चार पावले. एकटा.’

या नोंदी माझ्या धाकट्या भावाच्या. तो १९७४ च्या ऑगस्टमध्ये जन्मला आणि सव्वाचार वर्षे जगला. त्याला डाऊन सिंड्रोम होता, हे मला तो गेल्यानंतर वीस वर्षांनी, एका ग्रंथालयात वैद्यकशास्त्राच्या पुस्तकातला फोटो पाहून कळले. तो असेपर्यंत घरात एकच शब्द माहीत होता. तो चहा पिता पिता, केसपेपरवरून नजरही न उचलता, चांद्याच्या एका डॉक्टरांनी वडिलांना सांगितला होता : ‘मंगोल आहे. यात करण्यासारखं काही नाही.’ वडिलांनी तो शब्द घरी आणला, आणि मी पाचव्या वर्गाच्या भूगोलात मंगोलिया शोधत बसलो.

माझे शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. संशोधनाची पद्धत मी स्वतःच बसवली. एका लांब वहीत डावीकडे जगातल्या घटना लिहायच्या, उजवीकडे आपल्या जंगलातल्या, आणि मधे वर्ष. या विषयाची वही मी ‘मंगोल’ या शब्दापासूनच सुरू केली.

तो शब्द १८६६ सालचा. इंग्लंडमधल्या अर्ल्सवुड येथे बुद्धिमांद्य असलेल्यांसाठी एक मोठी संस्था होती. तिचे प्रमुख डॉक्टर जॉन लँगडन डाऊन यांनी त्या वर्षी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. संस्थेतल्या मुलांच्या चेहऱ्यांची त्यांनी मानववंशांप्रमाणे वर्गवारी केली होती. एका गटाची चेहरेपट्टी त्यांना मंगोल लोकांसारखी वाटली, आणि तो शब्द चिकटला तो शंभर वर्षे सुटला नाही. आता वहीची उजवी बाजू. त्याच १८६६ साली नागपूरला एक ग्रंथ निघाला. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये नागपूरजवळ नदीत बुडून वारले होते. मध्य प्रांतातल्या आदिवासींविषयीची त्यांची हस्तलिखिते चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापली. गोंडांच्या अनेक शाखांची वर्गवारी त्यात आहे, आणि तीत माडियांचीही नोंद आहे. एकाच साम्राज्यात, एकाच वर्षी, एक जण मुलांचे चेहरे कप्प्यांत घालत होता आणि दुसऱ्याची टिपणे जंगलातली माणसे. त्या काळची विद्या अशीच चाले : आधी कप्पा, मग माणूस.

डाऊनसाहेबांवर मात्र अन्याय नको. आपल्या वर्गवारीचा उपयोग त्यांनी उलटा केला. एका वंशाच्या आईबापांच्या पोटी दुसऱ्या वंशासारखे दिसणारे मूल येते, त्या अर्थी वंशांमधल्या भिंती पक्क्या नाहीत आणि सगळी माणूसजात एकच आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुलामगिरीचे समर्थक नेमके याच्या उलट सांगत होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे वजन कळते. दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. त्याच निबंधात त्यांनी लिहून ठेवले आहे की ही मुले नकला छान करतात, त्यांना गंमत कळते, आणि शिकवले तर ती अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे जातात. म्हणजे ‘करण्यासारखं’ बरेच आहे, हे १८६६ सालीच छापून झाले होते. शब्द तेवढा जगभर फिरला. तो चांद्यापर्यंत पोचला, पण त्याच्या शेजारचे वाक्य वाटेतच कुठेतरी गळून पडले.

पुढची हकीकत थोडक्यात. १९५९ साली पॅरिसमध्ये मार्त गोतिए, झेरोम लेझन आणि रेमों त्युर्पँ यांनी या मुलांच्या पेशींत छेचाळीसऐवजी सत्तेचाळीस गुणसूत्रे असतात, एकविसावे दोनऐवजी तीन असते, हे प्रसिद्ध केले. पेशी वाढवण्याचे तंत्र गोतिएबाईंनी अमेरिकेत शिकून आणले होते, पण श्रेय बहुतांश लेझन यांना गेले. तो वाद पन्नास वर्षे धुमसत राहिला. १९६१ मध्ये एकोणीस शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून ‘मंगोल’ हा शब्द टाकून द्या म्हणून सांगितले. सह्या करणाऱ्यांत डाऊन यांचे नातूही होते. १९६५ मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींनी विनंती केली आणि जागतिक आरोग्य संघटनेने शब्द सोडला. माझा भाऊ जन्मला त्याच्या नऊ वर्षे आधी.

आता हेमलकसा.

१९७३ च्या २३ डिसेंबरला बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. आलापल्लीहून हे अंतर साठ-पासष्ट किलोमीटर. आज बस जाते. तेव्हा पावसाळ्याचे चार-पाच महिने वाट बंदच असे. ‘तिकडे जंगलात कुणी डॉक्टर येऊन बसलेत’ हे डेपोत ट्रकवाल्यांकडून कळले होते, असे आई सांगते. भाऊ जन्मला ऑगस्टमध्ये, म्हणजे नाले भरलेले. त्यामुळे वडिलांनी त्याला उलट दिशेला, चांद्याला नेले. पुढे हेमलकशाला जायचे राहूनच गेले. नेले असते तर काय झाले असते, या प्रश्नात मी पूर्वी फार गुंतत असे. आता नाही. त्या दवाखान्यात तेव्हा वीजही नव्हती. मेंदूचा मलेरिया, अस्वलाने फाडलेली माणसे, सर्पदंश, अडलेल्या बाळंतिणी येत होत्या, आणि हृदयात भोक असलेल्या बाळाची शस्त्रक्रिया तेव्हा जिथे होऊ शकत होती तिथेही अशा मुलांना ती मिळत नव्हती. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन गावी १९८२ च्या एप्रिलमध्ये डाऊन सिंड्रोम असलेले एक बाळ जन्मले. त्याची अन्ननलिका बंद होती. शस्त्रक्रिया शक्य होती, पण आईवडिलांनी आणि डॉक्टरांनी ती न करायचे ठरवले, न्यायालयानेही हात आखडला आणि बाळ सहाव्या दिवशी गेले. उजव्या बाजूला त्याच वर्षी, २६ ऑगस्टला, चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा झाला. रस्ता, वीज, दवाखाना हे सगळे असूनही अशी मुले मरत होती. इकडे तर यांतले काहीच नव्हते.

मग या जंगलात अशी मुले किती जन्मली? जगभरचा अंदाज सातशे ते हजार जन्मांमागे एक असा आहे. वंश, देश, गरिबी-श्रीमंतीने तो फारसा बदलत नाही. आईचे वय मात्र महत्त्वाचे. भामरागड तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पस्तीस-छत्तीस हजार होती. वर्षाला सातशेच्या आसपास जन्म धरले, तर दरवर्षी नाही तरी वर्षाआड एक मूल या तालुक्यात डाऊन सिंड्रोम घेऊन येत असणार. हा माझा पाटीवरचा हिशेब आहे, सर्वेक्षण नव्हे. पण तो मान्य केला तर हेमलकशाच्या पन्नास वर्षांत तीसेक मुले तरी झाली. ती कुठे आहेत?

शहरातल्या व्याख्यानांत या प्रश्नाचे एक गोड उत्तर ऐकू येते. ‘आदिवासी समाज अशा मुलांना सहज सामावून घेतो, म्हणून ती वेगळी दिसत नाहीत.’ मला हे उत्तर आळशी वाटते. सामावून घ्यायला आधी मूल जगायला लागते.

डाऊन सिंड्रोमच्या बाळाचे स्नायू जन्मतः ढिले असतात. उचलले तर ते हातातून ओघळल्यासारखे होते. ओठ-जिभेची पकड कमी, त्यामुळे ते छातीला नीट लागत नाही, दोन घोट ओढून झोपी जाते. आई म्हणते तसे, ‘त्याला भूक लागली तरी रडायचा कंटाळा.’ साधारण निम्म्या मुलांच्या हृदयात दोष असतो. न्यूमोनिया त्यांना चटकन धरतो. म्हणजे जी मुले या जंगलात सर्वांत आधी जातात त्यांची जी कारणे, तीच या मुलांत दुपटीने. आमच्या घरी आईने दूध काढून बोंडल्याने पाजले. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, गालाला टिचकी मारून जागे करून. हे तिला कोणी सांगितले नव्हते. शेजारच्या आजीबाईंकडे बोंडले होते आणि आईला शेतावर जायचे नव्हते, ही दोन कारणे. जिला चौथ्या दिवशी धानाच्या बांधीत उतरावे लागते तिने हे कसे करावे?

म्हणून या मुलांच्या बालविकासाचा इतिहास लिहायचा तर पहिले प्रकरण जगण्याचे, आणि ते गडचिरोली जिल्ह्यात लिहिले गेले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात एकोणचाळीस गावांत नवजात बाळांची काळजी घरातच घेऊन पाहिली. गावातलीच थोडे शिकलेली बाई आरोग्यदूत म्हणून निवडली. तिला बाळ तोलायला, ऊबदार ठेवायला, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास द्यायला आणि जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवले. हजार जन्मांमागे बासष्ट बाळे पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी हा आकडा पंचविसांवर आला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले आणि पुढे देशभरच्या आशाताईंच्या घरभेटी यातूनच निघाल्या.

या आरोग्यदूतांना शिकवलेली जंतुदोषाची लक्षणे मी वाचली तेव्हा थबकलो. आधी नीट ओढणारे बाळ ओढेनासे झाले, आधी जोमाने रडणारे क्षीण रडू लागले, आधी घट्ट असलेले हातपाय ढिले पडले. प्रत्येक वाक्यात ‘आधी’ आहे. माझा भाऊ पहिल्या दिवसापासून असाच होता. त्याच्या बाबतीत ‘आधी’ नव्हताच. म्हणजे रोज बाळ पाहणाऱ्या बाईला दोन प्रकारचे ढिलेपण वेगळे करता आले पाहिजे : आज आलेले आणि जन्मापासूनचे. पहिल्यासाठी सुई, दुसऱ्यासाठी बोंडले आणि धीर. हे वेगळेपण मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरला एका भेटीत सहसा कळत नाही. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी त्याच घरात जाणारीला कळू शकते.

दुसरे प्रकरण वाढीचे. डाऊन सिंड्रोमची मुले सरासरी अकराव्या महिन्याच्या सुमारास बसतात आणि दोन वर्षांच्या आसपास चालतात. सरासरीच्या दोन्ही बाजूंना अंतर मोठे असते. भाऊ तेराव्या महिन्यात बसला, साडेएकोणतिसाव्या महिन्यात चालला. म्हणजे त्याच्यासारख्यांत तो मागे होता, पण वाटेवर होता. या मुलांना बोलण्याआधी पुष्कळ समजते. ती खुणा लवकर करतात, शब्द उशिरा येतात, आणि अनेकदा कानात पाणी साचून ऐकूच कमी येते, तरी लोक दोष बुद्धीला देतात. बाळाला पोटावर झोपवून समोर खेळणे धरणे, मांडीवर बसवून पाठीला आधार देणे, एकच गाणे हातवाऱ्यांसह रोज म्हणणे, खुणेसोबत शब्द उच्चारणे, असा हा सगळा खटाटोप. तो पहिल्या तीन वर्षांत करायचा असतो, आणि रोज करायचा असतो. आठवड्यातून एकदा तालुक्याला नेऊन तो होत नाही.

मग शिकवणारी घरी जायला हवी. हे अमेरिकेने १९६९ मध्ये विस्कॉन्सिनच्या पोर्टेज गावी करून पाहिले. शेतावर विखुरलेली घरे, म्हणून शिक्षिका आठवड्याला एकदा आईकडे जाई, एखादी लहानशी कृती शिकवी आणि पुढच्या आठवड्यात पाही. आज पोर्टेज पद्धत जगभर आहे, भारतातही. पण उजवी बाजू पाहा. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालवाडी काढली. वस्तीवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला. पुढे कोसबाडला वारली मुलांमध्ये हेच झाले. त्याच्या एकच वर्ष आधी, १९४४ मध्ये, मुंबईत जय वकील यांनी स्वतःच्या घरात शाळा सुरू केली होती, कारण त्यांची मुलगी दीना हिला डाऊन सिंड्रोम होता. आज शिवडीला त्या शाळेचा मोठा परिसर आहे. अंगणात जाणारी शाळा आणि या मुलांसाठीची शाळा, दोन्ही एकाच किनाऱ्यावर, एका वर्षाच्या अंतराने. दोघी एकत्र आल्या असत्या तर, असे वाटते खरे, पण इतिहासात त्या एकत्र आल्या नाहीत. १९७५ मध्ये केंद्र सरकारने अंगणवाडी देशभर नेली ती मुख्यतः पोषण, लसीकरण आणि शाळेपूर्वीच्या शिक्षणासाठी. उशिरा चालणारे मूल तिच्या तक्त्यात बसत नव्हते.

सरकारी नजर या मुलांवर रीतसर पडली ती २०१३ साली. त्या फेब्रुवारीत पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. जन्मजात दोषांच्या यादीत डाऊन सिंड्रोमचे नाव आहे. पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडी तपासायची, आणि संशय आला तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचे. कागद चांगला आहे. पण भामरागडच्या पलीकडच्या गावांचा जिल्ह्याशी संबंध पर्लकोटा नदीच्या पुरावर ठरतो. सिकलसेलची साधी चाचणी गावातच काही मिनिटांत होते, म्हणून ते नाव घरोघर पोचले. गुणसूत्रांच्या तपासणीला जिवंत पेशी लागतात, प्रयोगशाळेत त्या काही दिवस वाढवाव्या लागतात. शिवाय विकास मोजायची साधने. आपल्याकडे बडोद्याला प्रमिला फाटक यांनी मोठ्या कष्टाने भारतीय बाळांसाठी मोजपट्टी तयार केली. पण ठोकळे, घंटी, आरसा यांच्याशी खेळवून माडिया बाळ मोजायचे, सूचना मराठीत द्यायच्या आणि ते गप्प राहिले की मागे पडले म्हणायचे, यात मला १८६६ चा वास येतो.

२०१४ मध्ये मराठीत दोन चित्रपट आले. एप्रिलमध्ये ‘यलो’, डाऊन सिंड्रोम असलेल्या पुण्याच्या जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्यावरचा, ज्यात ती स्वतःच होती. ऑक्टोबरमध्ये डॉ. प्रकाश आमटे यांच्यावरचा. दोन्ही मी चंद्रपूरला पाहिले, दोन्हींना रडलो. पहिल्यात आई आणि तलाव होता, दुसऱ्यात जंगल होते.

गेल्या हिवाळ्यात मी हेमलकशाला गेलो. दवाखान्याचे रजिस्टर मागितले नाही. ती रोग्यांची खासगी बाब आहे, आणि जे मूल दवाखान्यापर्यंत आलेच नाही ते रजिस्टरात कसे असेल? भामरागडला तीन नद्यांच्या संगमावर जाऊन बसलो आणि परतताना एका गावात, नाव देत नाही, अंगणवाडीच्या ओट्यावर थांबलो. ताईंना विचारले, उशिरा बसलेले, उशिरा चाललेले कोणी आहे का? त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. सरकारी माणसे असेच विचारतात. मी कालनिर्णयाच्या पानाचा मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून वाचला. मग म्हणाल्या, ‘एक आहे. वाढीच्या तक्त्यात त्याची रेघ सगळ्यांच्या खाली आहे. पण सर, रेघ वर चाललीय.’

तक्त्यात वजन होते. तो कधी बसला, कधी उभा राहिला, हे लिहायला रकाना नव्हता. ताईंना मात्र ते तोंडपाठ होते. अजून भिंत धरून चालतो, म्हणाल्या. फोटोत ‘पांगुळगाडा’ वाचून त्यांनी विचारले, ‘हा कुठं मिळतो?’

घरी आल्यावर आईला हे सांगितले. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी विचारले, माझ्याही अशा नोंदी केल्या होत्यास का? ‘तुझं कशाला लिहू?’ ती म्हणाली, ‘तू आपोआप चाललास.’

पांगुळगाडा माळ्यावरच होता. डेपोतल्या सुताराने सागाच्या तुकड्यांचा केलेला, पुढचे चाक थोडे झिजलेले. नेहमीच्या गाड्यापेक्षा तो जड आहे. मूल ढिले, गाडा पुढे पळू नये म्हणून सुताराने खालच्या पट्ट्या मुद्दाम जाड ठेवल्या होत्या, असे आई म्हणाली. मी टेप लावून मापे घेतली आणि ताईंना मोबाइलवर पाठवली. दांडी जमिनीपासून सोळा इंच, मागच्या दोन चाकांत अंतर चौदा इंच, खालची पट्टी दोन इंच जाड.

त्यांचे उत्तर चार दिवसांनी आले, तिकडे रेंज आली तेव्हा. गावात सुतार आहे, लाकूडही आहे, पण तो विचारतो, चाके लाकडाची की रबराची?

मी आईला विचारून कळवले : लाकडाची.